फंडाची वही

इवानोवोहून शेवटचं पत्र आलं
तेव्हा त्याच्यावर गेलेल्या देशाचं तिकीट होतं
आणि तिकिटावर नव्या किमतीचा शिक्का.

अण्णांनी ते टोपीत ठेवलं,
वखारीमागच्या बोळातून
डॉक्टर हुक्केरींच्या दवाखान्यात गेले. मी मागून.
डॉक्टर सहा वर्षं तिकडे शिकलेले,
रशियन वाचायचे, कानडीत विचार करायचे
आणि आम्हाला मराठीत सांगायचे.

झिनाईदाबाईंनी लिहिलं होतं:
गिरणीचा भोंगा बंद झाला, तरी साडेपाचला जाग येते.
शिवणयंत्रासाठी बाराशे रुबल साठवले होते,
परवा त्यात नातवाचे बूट आले.
मतपत्रिकेवर पूर्वी एकच नाव असायचं, आता अकरा.
पेन्सिल धरून मी इतका वेळ उभी राहिले
की मागच्या बाईनं विचारलं, बरं वाटतंय ना?
सभेत काय बोलायचं ते आता कोणी लिहून देत नाही.
आम्ही जमतो. बसतो.
सुरुवात कोणालाच करता येत नाही.

अण्णा म्हणाले, शेवटचं पुन्हा वाचा.

घर जागच्या जागी राहतं आणि देश बदलतो,
एवढं आम्हा निपाणीकरांना कोणी शिकवायला नको.
माझी आत्या मुंबई राज्यात झोपली, म्हैसुरात उठली;
चूल तीच, तलाठ्याची सही तेवढी गोल झाली.
पण तिच्या गाठीचा रुपया रुपयाच राहिला होता.

रविवारी युनियनची सभा.
दोनशे बाया, मांडीवर सुपं,
कारण सभा असली तरी हजार विड्या भरायच्याच असतात.
अण्णांनी खिशातलं भाषण काढलं नाही.
म्हणाले, आज तुम्ही बोला.

कातऱ्या थांबल्या.
कोणी खोकलं. कोणी पानांवर पाणी शिंपडलं.
ह्याच बायांचा आवाज मोर्च्यात पार स्टँडपर्यंत जायचा:
अर्धी घोषणा अण्णांची, उरलेली ह्यांची.
अख्खं वाक्य कोणाकडेच नव्हतं.

मग गौरव्वा कुडचे उठली, पदरावरचा जर्दा झटकत:
"मालकाचा हिशोब तुमी मागितला, चांगलं केलं.
आता आपल्या फंडाची वही दावा की हो.
सोळा वर्सं झाली."

दाराशी कोणीतरी हसलं आणि गप्प झालं.

अण्णा गोरेमोरे झाले.
कपाटाची चावी शोधू लागले,
सदऱ्याचा खिसा, कोटाचा खिसा,
पत्र ठेवलेली टोपीसुद्धा.

चावी करदोट्याला होती.
मला माहीत होतं. बहुतेक गौरव्वालाही.
ती खाली बसली नाही.