शनिवारचं शिबिर, विडी घरकुल

पंख्याखाली अर्ज उडतात,
म्हणून कॉलेजची ढाल ठेवलीय वर:
अभिरूप न्यायालय, प्रथम क्रमांक.
खटला खोटा होता, पक्षकारही.

नरसूबाई खरी आहे.
पासबुकात नरसम्मा, आधारवर नरसव्वा,
आणि भविष्यनिर्वाह निधी
तिघींतल्या एकीलाही ओळखत नाही.

कुडक्याल मॅडम तेलुगूत विचारतात,
मी मराठीत लिहिते.
कायदा इंग्रजीत गप्प.

अंगठा धरला शाईवर,
तर रेषाच नाहीत.
तंबाखू, पानं, रोज हजार विड्या,
चाळीस वर्षं.
मॅडमनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

नरसूबाईनं ढाल उचलून पाहिली.
"पितळ हाय?"
प्लास्टिक, मी म्हणाले.
"मग उडंल की गं,"
म्हणत तिनं कमरेची कात्री काढली,
ठेवली अर्जावर.