एक्समधले शिरोडकर

चिखलीच्या बार्ज यार्डात माझं काम
माणसांना यंत्रात बसवण्याचं.
पासवर्ड, पद, कोणी कोणाला विचारायचं,
कोणाच्या नावापुढे हिरवा ठिपका.
लग्नाला नऊ वर्षं झाली,
माझा मेल आयडी अजून माहेरीच राहतो.
बदलायचा अर्ज मी करायचा, मंजूरही मीच,
आणि ते नियमात बसत नाही.

नियम साधा आहे: मागणारा एक, देणारा दुसरा.

मार्चात दुबार खाती शोधताना
स्टोअरचे शिरोडकर दोनदा सापडले.
एसमध्ये यशवंत, फोटोसकट,
टाय बहुतेक स्टुडिओवाल्याचा.
आणि यादीच्या तळाशी, एक्समध्ये,
एस्वोंता शिरोडकार.
राखाडी गोलात दोन अक्षरं, बाकी काही नाही.
जन्म एकसष्टचा, पोर्तुगीज जायच्या तीन महिने आधी;
नोंदवहीतल्या कारकुनाने
कानाला आलं ते लिहिलं.
पगार एकाला. रजा दुसऱ्याला.
मॅनेजर सोडून गेले तेव्हा त्यांचे अधिकार
तात्पुरते एसकडे आले.
तात्पुरतं हा शब्द यंत्रात नाही.

मी सात वर्षांचा लॉग उघडला.
एक्सने मागितलं, एसने दिलं:
वॉचमनला बॅटरी.
वेल्डरांना हातमोजे, पन्नास जोड.
नायलॉनचा दोर, चाळीस मीटर,
शेरा, जुना कुजला आहे, येऊन बघावे.
कॅन्टीनच्या मारकुलिनला रबरी चपला,
कारण, सुरक्षा साहित्य.
एका पैशाचा घोळ नाही.
तीनदा बेरीज केली.
घोळ असता तर सोपं गेलं असतं.

मग एकच लाल ओळ.
रजा, अर्धा दिवस. मुलगी जाते, विमानतळ.
मागणार एक्स.
नाकारले, एस.
शेरा, 'मारिया लॉर्देस' त्या दिवशी सुक्या डॉकवर घेणार.
मधे अकरा मिनिटं.

दाबोळी इथून पायी अर्धा तास.

बोलावलं, तर आले. हाताला ग्रीस,
म्हणून खुर्चीवर बसले नाहीत.
"हय, दोनूय हांवूच," म्हणाले,
जणू मी चहात साखर किती विचारली होती.
"त्या एक्सवाल्यामुळे पोरीला पासपोर्ट मिळाला.
लिस्बनला कागद गेले तेव्हा
यशवंत कोणाला नको होता."
स्विंडनला गोदामात असते, रात्रपाळी.
तिथे तिला झिरोडकार म्हणतात.

मी समजावलं:
एकच खातं ठेवता येईल.
दोन्ही जोडली की यंत्र जुन्या ओळी पुन्हा वाचणार
आणि सगळ्या लाल करणार,
हातमोजे, दोर, चपलासुद्धा.
स्वतः मागितलं, स्वतःच दिलं.
"आणि ती रजेची?"
ती एकटी नियमात बसते, मी म्हटलं.
स्वतःला नाही म्हणायला
दुसऱ्याची सही लागत नाही.

यार्डावरून विमान गेलं. काच थरथरली.
आम्ही दोघं गप्प राहिलो, इथे सवयच आहे,
वाक्य अर्ध्यावर धरून ठेवायचं
आणि आवाज ओसरला की पुढे न्यायचं.
त्यांनी पुढे नेलं:
"ती आता मंजूर होईल?"
मागची तारीख घेत नाही.
"बरं," म्हणाले. ग्रीस पँटला पुसलं.
"मग एक्स ठेव.
त्याने मागून तरी बघितलं."

ते गेल्यावर एसचा फोटो उचलून
एक्सच्या राखाडी गोलात बसवला.
गोल लहान, टाय कापला गेला.
पडद्याने विचारलं,
हे परत फिरवता येणार नाही, पुढे जायचं?
हो, दाबलं.

विनंती वर गेली,
मॅनेजरच्या रिकाम्या खुर्चीकडे,
तिथून, ठरल्याप्रमाणे, एसकडे.
एस तर आता बंद.

सद्यस्थिती: प्रलंबित.
स्टोअरमधून फोन, दोर संपत आलाय.