बिनआकड्याचे

लष्करहून पाऊण तास, असं हरविलासजी फोनवर म्हणाले होते.
सव्वा तास लागला,
शेवटची वीस मिनिटं मोहरीच्या शेतांतून, पहिल्या गिअरवर.

निळ्या पाटीवर दंडाची रक्कम,
तिच्याखाली: शैव मठ, अकरावं शतक, संरक्षित.
पाटीच्या सावलीत एक शेळी,
असंरक्षित.

छप्पर नाही. उंबरे आहेत,
आणि भिंती नसल्या तरी
पाय ते ओलांडूनच आत जातो.
साधूंच्या खोल्यांना दारं इतकी ठेंगणी
की मी, पाच फूट एक इंच, वाकले.
"रोज थोडा झुकना पड़े, इसलिए."
हे त्यांना कोणी सांगितलं,
ते हरविलासजी सांगत नाहीत.

मुदपाकखाना मात्र नक्की मुदपाकखानाच.
जमिनीत रुतलेलं जातं, भिंतीवर काजळी,
आणि कोपऱ्यात मोरी.
मी बाटलीतलं पाणी ओतून बघितलं:
हजार वर्षांचा उतार, सरळ बाहेर.
दाल बाजारातली आमची दर श्रावणात तुंबते.

मागच्या बाजूला गवतावर
दगड ओळीनं निजवलेत,
प्रत्येकाच्या कुशीवर पांढरा आकडा.
बारा. एकशे चार. दोनशे एकोणीस.
कधीतरी क्रेन येते,
नकाशा उलगडतात, एखादा घरी जातो.

आणि कुंपणाला टेकून ते बिनआकड्याचे.
एकावर हंसाची अर्धी मान,
एकाला नुसती खाच,
हातभर खोल, स्वच्छ कापलेली,
कुणाच्या तरी मापाची.

"ये कहाँ के हैं?"
"यहीं के हैं. बस, जगह नहीं मिली."

पुण्यात, नणंदेच्या लग्नात,
मी म्हणाले होते, "पाहुणे येऊन राहिले."
पंगत हसली. कुणी वाईट नव्हतं त्यात.
एका काकूंनी लाडानं विचारलं,
तुमची मराठी कुठली गं?
मी वाढत होते, हातात मठ्ठ्याचं भांडं होतं,
काही सुचलं नाही.
अकरा वर्षं झाली. सुचलेलं नाही.

"नंबरवाले पे बैठना मना है.
इन पे बैठ जाइए."

बसले. दगड उन्हानं कोमट.
डबा उघडला, खाचेत पाण्याची बाटली ठेवली,
ती तिथे नीट बसली.
एक दशमी त्यांना दिली, लसणाची चटणी घालून.
"इसे क्या कहते हैं?"
"दशमी."
"ग्यारस से पहले वाली?"

मी नाही म्हणाले.
ते खात राहिले. शेळी जवळ आली.
मग मी म्हणाले, हो,
तीच.