ऑलरेडी

मंगळवारचा वर्ग, रात्री आठ, बिबवेवाडीत.
खाली पिठाची गिरणी,
त्यामुळे माझ्या इंग्रजीवर कायम
ज्वारीचा बारीक थर.

फळ्यावर लिहिलं: ऑलरेडी.
नवनाथ भिंताडे म्हणाला, हा नका शिकवू सर,
हा आम्हाला ऑलरेडी येतो.

खरंच येतो.
मार्केटयार्डात गवार तोलणारा सांगतो,
ताई, ऑलरेडी कमी लावलाय.
स्वारगेटचा रिक्षावाला, मान न वळवता:
ऑलरेडी दोघं बसलीत.
आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तर पाटीच आहे,
ही लिफ्ट ऑलरेडी जुनी आहे,
बटण एकदाच दाबावे.
हे वाक्य चूक आहे
हे मी सेक्रेटरींना लेखी कळवलंय, दोनदा.

पुण्यात हा शब्द कपाळावरच्या आठीसारखा वापरतात.
वाक्य सुरू व्हायच्या आत
तक्रार दाखल.

मग मी त्याच्याखाली मराठी लिहायला घेतलं.
आधीच. यात चूक नेहमी दुसऱ्याची असते,
आणि पुढे कुठला तरी फाल्गुन मास असतोच.
यापूर्वीच. याच्या खाली जांभळा शिक्का लागतो,
आणि तीन प्रती.
केव्हाच. हा घरातला, जरा रुसलेला,
ताट झाकून ठेवणारा.
कधीच.

इथे खडू थांबला.
दूध कधीच आलं नाही.
दूध कधीच आलं.
वीस वर्षं शिकवतोय, आणि हे आज दिसलं,
की नेव्हर आणि ऑलरेडी
आपल्याकडे एकाच खोलीत राहतात,
मध्ये एका 'नाही'ची भिंत.
पोरं हसली. मीही हसलो. छान उदाहरण मिळालं.

तेव्हा मागच्या बाकावरून सुलभा कुदळे बोलल्या,
सहा महिन्यांत पहिल्यांदा.
ससूनला आया आहेत, रात्रपाळीच्या,
नऊ वाजले की न सांगता उठतात.

म्हणाल्या,
भोरकडचे एक बाबा होते. पोरगी आत होती त्यांची.
इंजेक्शन आणायला खाली पाठवलं, दुकानात रांग.
जिना चढून आले, पिशवी अशी छातीशी धरून.
डॉक्टरीणबाई नवी, लहानच.
शी हॅज ऑलरेडी, म्हणाली
आणि तोंडच फिरवलं तिनं.
बाबा माझ्याकडे बघाय लागले.
मी म्हटलं, बाबा, ती कधीच गेली.

तर ते उभेच.
माझ्या तोंडाकडे बघत.
मला वाटलं ऐकू आलं नाही.
पण नाही, सर. आत्ता तुम्ही लिहिलं तेव्हा कळलं.
त्यांना वाटत होतं
माझं वाक्य अजून संपलं नाही.

गिरणी चालूच होती.
नवनाथनं पेनाचं टोपण काढलं, लावलं.
फळ्याकडे तोंड करून उभं राहण्याची
मास्तरांना सोय असते,
ती मी वापरली.

घड्याळात नऊ वाजून गेले होते.
बाईंनी पिशवी खांद्याला लावली, विचारलं,
पेपरात यातला कुठला लिहायचा?
म्हटलं, कुठलाही चालेल, दोनच मार्क आहेत.

त्यांनी उभ्या उभ्याच वही गुडघ्यावर टेकवली,
चारही उतरवून घेतले, एकाखाली एक,
सावकाश, काना-मात्रा बघून,
आणि शेवटच्यापुढे
एका शब्दाएवढी जागा सोडली.