दीर्घ वेलांटी

नवापूरच्या मैदानात तीन दिवसांचं शिबिर,
पाळक म्हणाले, शमू, बावीस फुटी कापड आहे,
"विजयी ख्रिस्ती जीवन" एवढंच लिही,
मुकुट सोनेरी काढ, तलवारही चालेल.

हा शब्द माझ्या हाताला पाठ आहे.
तीस वर्षं, विसरवाडीपासून खांडबाऱ्यापर्यंत,
चुन्याच्या भिंतींवर तोच लिहीत आलो:
प्रचंड मतांनी विजयी करा.
फुटावर पैसे, निळीचे वेगळे.
पडलेले उमेदवार घरी गेले, काहींनी पक्ष बदलले,
भिंती अजून हात जोडून उभ्या आहेत,
खाली बकऱ्या अंग घासतात.
कोपऱ्यात माझं नाव, शमू आर्ट,
तेही निम्मं सोललेलं.

चर्चच्या ओसरीत कापड अंथरलं,
प्रार्थनेला बसतो तसा गुडघ्यांवर बसलो, खडू घेऊन.
"वि" सरळ आला.
"ज"च्या वळणावर हात थरथरला.

तो थरथरतोच.
बारा वर्षं मोहाच्या पहिल्या धारेने चालवला त्याला,
सोडून नऊ झाली,
पण माणसातून उतरलेली दारू
हातातून उतरायला वेळ घेते.
लोक उभे राहून साक्ष देतात, एका रात्रीत सुटली.
देवाची स्तुती असो, सुटली असेल.
माझी रोज सुटते,
संध्याकाळी साडेसहाला, रंगावलीच्या पुलावर,
जिथून उजवीकडे घर
आणि डावीकडे काशीरामची भट्टी,
आणि वारा नेमका डावीकडून येतो.

मग विजयी म्हणायचं कुणाला,
म्हणून "य"पाशी थांबलो,
तर रिबकाबाई गावित आठवली.
दोन मुलं सिकलसेलने नेली तिची,
एक नववीत होता, एक त्याच्याही आधी.
बाहेरून उपदेशक आले की तिला कुणी पुढे बसवत नाही,
तिच्याकडे सांगण्यासारखा चमत्कार नाही.
गाते ती सुराच्या दोन पावलं मागून,
पण शेवटच्या कडव्यापर्यंत गाते.

मी एसटी स्टँडमागे स्वतःच्याच उलटीत पडलो होतो,
मे महिना, दुपारचे दोन.
तिने डोक्यावरची डाळीची गोणी उतरवली
आणि माझ्या आणि उन्हाच्या मधोमध उभी राहिली.
येशूचं नावही काढलं नाही.
म्हणाली, उठशील तेव्हा ऊठ, मी आहे.
तिची बस गेली.
दुसरीही गेली.

आणि मग ती पाटी डोळ्यापुढे आली,
शहराबाहेरच्या टेकडीवर, लाकडाच्या टोकाशी ठोकलेली,
तीन लिप्यांत, राजा वगैरे, थट्टा म्हणून.
तीही कुणा पेंटरनेच रंगवली असणार,
घाईत, उधारीवर,
वर कोण टांगलाय ते न बघता.
जगातली एकच खरी विजयाची पाटी
त्याच्या हातून लिहून झाली
आणि हात धुताना तो म्हणाला असेल,
अजून एक पडलेला उमेदवार.

तलवार मी काढली नाही.
मुकुटाला जागा उरली नाही.
पाळक थोडे नाराज झाले,
"अरे भो, सोनेरी रंग आणला होता ना मी!"
म्हटलं, परत होईल, डबा उघडलेला नाही.

विजयी.
पहिली वेलांटी ऱ्हस्व,
ती पहिल्या रात्रीची, टाळ्यांची.
शेवटची दीर्घ.
ती ओढताना हात पुन्हा हलला,
मी पुसली नाही.
लांबून पाहिलं तर वाटतं, कुणी बाई
वाकून कुणावर तरी सावली धरून आहे.
जवळून नुसती रेघ.

सव्वासहा झाले.
ब्रश धुवायला नदीवर जायचंय,
पुलावरून.
वारा डावीकडचाच आहे.