बटणावरचा धबधबा

बार्शीच्या पुढं, बालाघाट जिथं गुडघ्याएवढा होतो,
तिथं इरण्णा नऊला बटण दाबतो
आणि टेकडीवरून पाणी पडू लागतं.

पाठीवर कडक भाकरी, शेंगाचटणी बांधून
सोलापूरची माणसं धापा टाकत चढतात.
खडक सिमेंटचे.
शेवाळ मात्र
कुणी न बोलावता आलेलं.

तेच पाणी खाली हौदात, तेच परत वर.
‘आमच्या ड्युटीगत,’ इरण्णा म्हणतो.

साडेअकराला लाईट गेली.
शेवटची धार कपारीत अडखळली,
तुटली.
फोटोसाठी उभी पोरं तशीच उभी.
वाळल्या कुसळांतून वारा गेला,
तो आत्ता ऐकू आला.
ओल्या सिमेंटवर एक धोबी पक्षी
शेपूट हलवत राहिला.

‘बसा की,’ इरण्णानं डबा उघडला,
‘पाणी कुटं जातंय?
हौदातच हाय.’