चौथ्या मात्रेला

वेंडल पिंडरच्या तारा चपट्या होत्या
आणि चौदा वर्षं त्यानं त्या बदलल्या नव्हत्या
असं कुठंतरी वाचलं,
तेव्हापासून मी माझ्या तारांना
नव्या असण्याबद्दल माफ केलेलं नाही.

तळलेले बटाटे खाऊन हात न धुता वाजवायचो,
त्या लवकर म्हाताऱ्या व्हाव्यात म्हणून.
घोडीपाशी स्पंज कोंबला, भांडी घासायचा,
बाजारात पौंडाला पाच.
त्याचा गादीतला होता, हे नंतर कळलं.
मग अख्खी वॉकली पालथी घातली,
रस्त्यावर टाकलेल्या गाद्यांकडे
मवाल्यासारखा बघत.

अँप लीड्सहून आणला, बत्तीस किलोंचा.
बस वळते तिथं उतरून शेफील्डचा तो चढ,
दर तीन घरांमागे एक विसावा,
जानेवारीत, घामाघूम.
बायको म्हणाली, एवढ्यात घरी जाऊन आलो असतो.
मिरजेची आहे ती.
जवारी कशाला म्हणतात ते तिला कळतं,
म्हणून आणखी काही बोलली नाही.

दिवसा मी दात बनवतो.
गुलाबी लगद्यात उमटलेले ठसे येतात,
मी प्लास्टर ओततो
आणि कुणाच्यातरी चाव्याची बेमालूम नक्कल
चारच्या व्हॅननं पाठवून देतो.
कुणी परत पाठवत नाही.

आणि नोव्हेंबरातल्या एका रात्री जमलंच.
रेकॉर्ड लावून वाजवलं,
मग रेकॉर्ड बंद करून वाजवलं:
तोच गुबगुबीत, कडा झिजलेला,
ओल्या लाकडावर मूठ आपटावी तसा खर्ज.
अकरा वर्षं.
गिटार मांडीवर घेऊन बसलो
पायाला मुंग्या येईपर्यंत.

सकाळी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना
शेजारच्या डोरीन हॅलमबाई भेटल्या.
चाळीस वर्षं सुऱ्या-चमच्यांना पॉलिश केलं त्यांनी,
चाकांच्या घरघरीत.
कानांनी केव्हाच राम म्हटलाय.
त्यांच्या पलंगाची उशाकडची फळी आमच्या भिंतीला,
त्यांना मी ऐकू येत नाही, लाकडातून लागतो.

म्हटलं, काल रेकॉर्ड जरा मोठी झाली, माफ करा.
"आधी रेकॉर्ड होती," त्या म्हणाल्या, "मग तू होतास."

कसं कळलं?
विटांतून काय जातं हे मला माहीत आहे.
चपट्या तारा जात नाहीत, स्पंज जात नाही,
लीड्सचा अँप गिलाव्यातच दम तोडतो.
पलीकडं पोचतो तो नुसता धक्का.

डब्याचं झाकण दाबत त्या म्हणाल्या,
"त्या रेकॉर्डवाल्याचं चार म्हणजे चार.
तू चौथ्याला मागं राहतोस.
अंधारात जिन्याची शेवटची पायरी
आहे का नाही चाचपावी, तसा.
नेहमीच. मी तुझ्या चौथ्याची वाट बघते
आणि मग झोपते."

मला आधी रागच आला.
दोन शिक्षकांनी, तीन ड्रमरांनी, एका मेट्रोनोमनं
हा उशीर माझ्यातून काढायला घेतला होता.
मला वाटत होतं, निघाला.

स्पंज अजून आहे तिथंच. बरा वाटतो.
तारा पुढच्या महिन्यात बदलीन, किंवा नाही.
पिंडर अजूनही लावतो रविवारी,
आणि अजूनही हात कानाला जातो.

पण रात्री साडेनवाला, दिवा मालवून,
एक,
दोन,
तीन,
आणि मग ती बारीकशी जागा.
तिथं आता मी पळत नाही.
भिंतीपलीकडं एक म्हातारी
डोळे मिटायची थांबली आहे.